बिनतोंडाचं यंत्र

आर्रे कोक्कोनेन हाइलुओतो बेटावरून येतो,
गोठलेल्या समुद्रावर आखलेल्या रस्त्यानं,
आणि मनगटावरचं यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवतो,
चावरं मांजर खाली सोडावं तसं.

"हे हाताची थरथर थांबवतं," तो म्हणतो,
"चार्ज असेल तर.
आणि चार्ज करायला
न थरथरणारा हात लागतो."

पुढे काही नाही.
औलूत माणसं वाक्य संपवून गप्प बसतात,
समोरच्याला ते उचलायला वेळ देतात.

मी भिंगाखाली पाहिलं.
केबल खुपसायच्या तोंडाभोवती शेकडो ओरखडे,
सुईच्या नाकाशी रात्र-रात्र झटलेल्या दोऱ्यासारखे.
आत एक पिन वाकलेली,
आणि कोपऱ्यात माशाचं एक खवलं.

ठरवलं, हे तोंडच नको.

केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं केलं, चौदा फेरे.
पहिल्या खेपेला वीज सगळी
मागच्या पोलादी चकतीनंच गिळली.
बॅटरी उपाशी, चकती ऊन ऊन.
दुसऱ्या खेपेला मधे फेराइटचा पापुद्रा सारला.
वीज वाटेला लागली,
पण तापमापकात त्रेचाळीस अंश.
एक्क्याऐंशी वर्षांची कातडी
पहाटे पट्टा बांधताना पोळायला नको.
प्रवाह निम्मा केला. आता रात्रभर लागतं.
लागू दे. जानेवारीत इथे
रात्रीला काही तोटा नाही.

मग घोडं अडलं ते चार मिलिमीटरवर.
यंत्र तबकडीच्या मधोमध ठेवलं तर दिवा लागतो,
जरा सरकलं की विझतो.
आणि आर्रेच्या बोटांपाशी
मधोमध असं काही उरलेलं नाही.
शेजारच्या टेबलावरची इम्पी म्हणाली, चुंबक लाव,
आपोआप जागेवर बसेल.
मी फोन करून विचारलं.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग तो म्हणाला, "हिल्याच्या छातीतही एक यंत्र आहे.
ती झोपेत माझा हात तिथे ओढून घेते."

चुंबक मी डबीत परत टाकले.

पुढच्या आठवड्यात तो पिशवीतून लाकडी पेला घेऊन आला.
बर्चच्या गाठीतून स्वतः कोरलेला,
हात त्याचे होते तेव्हाचा.
"यात काहीही टाक," म्हणाला, "तळाशी मधोमधच जातं."
आणि बटण टाकलं, नाणं टाकलं, शेवटी यंत्र टाकलं.
तीनदा. थरथरत्या हातानं, वरून.
तीनही वेळा ते घरंगळत
एकाच जागी येऊन निजलं.

मी इतकी वर्षं परिपथ आखते आहे.
उतार मला सुचला नव्हता.

तळ मात्र नऊ मिलिमीटर जाड,
आणि माझं वेटोळं पाचाच्या पलीकडे पोचत नाही.
पेला पालथा घालून मी पटाशी उचलली, आणि थांबले.
तळाशी त्याची खूण होती, वर्षाचा आकडा होता.
"तास," तो म्हणाला.
"बारा वर्षं गळतोच आहे."

ढलप्या त्यानं खिशात घातल्या.
चूल पेटवायला, म्हणाला.

यंत्राचं जुनं तोंड मी राळेनं बुजवलं.
वर बोट फिरवलं तर नुसता एक गुळगुळीत वण.

मार्चमध्ये, बर्फाचा रस्ता बंद व्हायच्या आधी, फोन आला.
मला वाटलं, आभार.
"रात्री पेल्यातून हिरवा उजेड येतो," तो म्हणाला,
"हिल्याला झोप लागत नाही. बंद कर."
मी म्हटलं, करेन,
पण मग चार्ज झालंय हे कळणार कसं?

तो थांबला. मीही वाक्य उचललं नाही.

"सकाळी कळेल," म्हणाला,
"कॉफी कपातच राहिली तर."